अडकलेल्या पुंगळ्या

लुइसटाउन, माँटाना
१२ ऑगस्ट १९९४

लेलंड भावजी,

फोनच करणार होते. पण फोनवर तुमचा निम्मा वेळ "काय म्हणालात?" विचारण्यात जातो, आणि इकडे नेल्स स्वयंपाकघरातला दुसरा फोन उचलून गुपचूप ऐकत बसतो. म्हणून हे पत्र. उत्तर घरी पाठवू नका, टपाल तोच आणायला जातो. चर्चच्या पत्त्यावर पाठवा. बुधवारी आम्ही बायका तिथे गोधड्या शिवायला जमतो, तेव्हा मला मिळेल.

विषय तुमच्या दादाच्या तळघराचा. चाळीस वर्षं काडतुसं भरणाऱ्याशी संसार केला तरी मला त्यातलं कळतं ते एवढंच: उडवलेली पुंगळी फुगते, ती पोलादी डायमध्ये, म्हणजे साच्यात, दाबून परत मापात आणायची, मग तिच्यात नवी दारू आणि नवी गोळी. तर ही डायच आता दगा देतेय. वसंतापासून ही तिसरी. बोटात अंगठी रुतावी तशी पुंगळी आत रुतून बसते, यंत्राचा दांडा ओढला की तिचं बूडच तुटून येतं. मग नेल्स ती कोरून काढतो आणि दिवसभर डाय साफ करत बसतो. हल्लीचं पोलाद म्हणजे सार्डिनच्या डब्याचा पत्रा, असं त्याचं म्हणणं. कंपनीला चार शिव्या घालणारं पत्रही लिहिलं. बिचाऱ्यांनी नवी डाय फुकट पाठवली. ती सकाळी आली आणि जेवणाआधी तिच्यातही पुंगळी अडकली.

तुम्ही दोघं एकाच बापाच्या हाताखाली, एकाच टेबलावर शिकलात. खरंच पोलाद एवढं वाईट झालंय का? ऑक्टोबरात शिकारीला याल तेव्हा बोलू म्हटलं असतं, पण तोवर मला धीर नाही. गुरं विकली. त्याने गाडी नाल्यात घातल्यापासून किल्ली माझ्याकडे असते. त्याला उरलंय ते हे तळघर. तेवढं तरी त्याचं नीट चालावं, दुसरं काही मागत नाही मी.

अर्लीन

*

सॅमन, आयडाहो
२० ऑगस्ट १९९४

वहिनी,

पोलाद वाईट झालंय हे खरं आहे. माणसंही झाली आहेत, पण त्यांची तक्रार कुठल्या कंपनीकडे करायची ते मला ठाऊक नाही.

डाय अडकण्याची कारणं बरीच असतात. जुनं वंगण आत वाळून बसतं, पितळेचा भुगा साठतो, तळघरात ओल असते. दादा डाय धुतो म्हणता, म्हणजे यातलं काही नसणार. मग एकच बघा. पुंगळी डायमध्ये घालण्याआधी तो तिला वंगण लावतो का? विचारू नका. विचारलंत तर तुमचं रात्रीचं जेवण गेलं समजा. नुसतं बघा.

वंगणाशिवाय कोरडं पितळ पोलादाला असं धरतं की सोडत नाही. बाबांनी आम्हाला टेबलाशी उभं केलं तेव्हा पहिली गोष्ट शिकवली ती ही. मी दोनदा विसरलो आणि दोन्ही वेळा गोठ्यातलं शेण मी उपसलं. दादा कधीच विसरला नाही. त्यामुळे काळजी करण्यासारखं काही नाही. मी आपलं विचारून ठेवतोय.

माझा कान तसाच आहे. उजवा ऐकत नाही आणि डावा ऐकून घेत नाही.

लेलंड

*

लुइसटाउन
१ सप्टेंबर १९९४

लेलंड भावजी,

बघितलं. इस्त्रीचे कपडे घेऊन तळघरात गेले, म्हटलं वर फार उकडतंय. त्याने एकेक पुंगळी वंगणाच्या गादीवर लाटली आणि ओळीने उभी केली. मी मनात म्हटलं, चला, सुटले. मग त्याने चिंधी घेतली, त्याच पुंगळ्या एकेक करून कोरड्या पुसल्या, आणि पहिली उचलून डायमध्ये घातली.

पुसायचं ते डायमधून काढल्यावर, एवढं मलाही कळतं. त्या तेलकट चिंध्या चाळीस वर्षं मीच धुतेय. पण मी पुढे होईपर्यंत त्याने दांडा खाली ओढला आणि अडकली. मग तुमच्या आजोबांच्या त्या नॉर्वेजियन शिव्या.

त्यानंतरचं मात्र तुम्ही बघायला हवं होतं. पुंगळी कोरून काढली. डायचं कडं सैल केलं, मधली दांडी बाहेर घेतली, सगळं रॉकेलमध्ये घातलं. बारक्या ब्रशने आटे घासले, काडीला कापूस गुंडाळून आतून पुसलं, खिडकीशी नेऊन डोळा लावून पाहिलं, पुन्हा पुसलं. शेवटी तेलाचं एक बोट. टॉवेलवर सगळे भाग काढले त्या क्रमाने मांडले होते, लावलेही त्याच क्रमाने. एकदाही थांबला नाही, एकदाही "आता काय?" अशा नजरेने माझ्याकडे बघितलं नाही. हल्ली दिवसभर तो त्याच नजरेने बघतो, हे तुम्हाला कधी लिहिलं नव्हतं.

तर प्रश्न फक्त चिंधीचा आहे. आता मी शेजारी उभी राहून चिंधीच लपवणार. देवाचे आभार मानले मी त्या रात्री. तुमच्यासाठी यंदाचा काडतुसांचा दुसरा डबा भरायला घेतलाय त्याने. पहिला मे महिन्यात नेलातच.

अर्लीन

*

सॅमन
९ सप्टेंबर १९९४

वहिनी,

चिंधी लपवू नका. दादाला टेबलापासूनच दूर करा.

मागच्या पत्रात मी तुमच्याशी सरळ वागलो नाही. तुम्ही तीन डायचं लिहिलंत तेव्हाच मला शंका आली होती. वंगण विसरलं तर डाय अडकते, माणूस शिव्या देतो, संपलं. पण पुढच्या पायऱ्या तोच माणूस करत असतो, आणि तिथे विसरलेलं दिसत नाही. पुंगळीच्या तोंडावर गोळी बसली की आत काय आहे ते कुणाला कळायचं?

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी मे महिन्यातला डबा काढला आणि एकेक काडतूस उघडलं. काही रिकामीच होती, दारूचा कण नाही. ते एक वेळ चालतं, नुसता टक आवाज होतो आणि हरीण हसत निघून जातं. पण एकात पिस्तुलाची दारू होती. ती बारीक असते, झटकन पेटते. रायफलच्या पुंगळीत ती भरली तर रायफल फुटते, वहिनी. माझा गाल तिथे टेकलेला असतो.

डब्यावरचं लेबल पाहिलं. दादाचंच अक्षर. तारीख, वजन, सगळं सुबक. त्या लेबलावर विश्वास ठेवून मी आयुष्यभर गोळी झाडत आलोय, कधी उघडून पाहायचा विचारही मनात आला नाही.

दारू घरात ठेवू नका. भरलेले सगळे डबे बाजूला काढा, मी येईन तेव्हा उघडीन. त्याला सांगायचं कसं ते मला सुचत नाही.

लेलंड

*

लुइसटाउन
२४ सप्टेंबर १९९४

लेलंड भावजी,

तुम्हाला सुचत नाही, पण मला करायला सांगता. डोंगराच्या पलीकडे बसून हे बरं जमतं तुम्हाला.

केलं मी. तो रविवारी चर्चमध्ये गाणाऱ्यांत उभा होता (गाणी अजून सगळी पाठ आहेत), मी डोकं दुखतंय म्हणून घरी थांबले. दारूचे सगळे डबे नेऊन फुलांच्या वाफ्यात रिकामे केले. सासरे जुनी झालेली दारू तिथेच टाकायचे आणि म्हणायचे, झेंडूला मानवते. भरलेली काडतुसं शेजारच्या डोरिसच्या कोठारात ठेवली. नेल्सला म्हटलं दारूचा तुटवडा पडलाय, दुकानात मिळत नाही, आपला साठा तूच मागच्या महिन्यात संपवलास. तो म्हणाला, "असं? संपवला मी?" भावजी, तो भांडला असता तर मला बरं वाटलं असतं.

आता तो सकाळी खाली जातो आणि धुतलेल्याच डाय पुन्हा धुतो. दुपारी वर येतो आणि म्हणतो, "त्या स्वच्छच आहेत, अर्लीन." एखाद्याला कामावरून काढलं की त्याचा चेहरा होतो, तसा. मग खुर्चीत बसतो. मंगळवारी त्याने मला आपल्या आईच्या नावाने हाक मारली आणि मी ओ दिली.

तुम्ही माझ्याकडून हे करून घेतलंत. आता त्याच्या हातांना काहीतरी काम तुम्ही शोधा.

अर्लीन

*

सॅमन
३ ऑक्टोबर १९९४

दादा,

गुडघा सुजलाय, डॉक्टर डोंगर चढू देत नाही. यंदा एल्क हरणांना सुट्टी. तुलाही पायपीट नको असेल, आता काही तरुण राहिलेला नाहीस.

सोबतच्या पार्सलात माझ्या डाय आहेत. बाबांची तीस-शून्य-सहा रायफलची जोडीही त्यातच आहे. उघडण्याआधी बसून घे. तळघरात पाणी शिरलं आणि मी महिनाभर खाली गेलोच नाही. इथे एकाला दाखवल्या, तो म्हणाला फेकून द्या. तुझ्यासारखं साफ करणारा या बाजूला कुणी नाही. वेळ असेल तर बघ, नसेल तर राहू दे.

लेलंड

(वहिनी, तुमच्यासाठी हे वेगळं चर्चच्या पत्त्यावर: पाणीबिणी काही शिरलं नाही. मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवल्या आणि कंदिलाची काजळी फासली. बाबा वरून बघत असतील तर मेल्यावर मला पुन्हा शेण उपसावं लागणार. पण दादाला काम मिळेल.)

*

लुइसटाउन
१५ ऑक्टोबर १९९४

लेलंडा,

तुला लाज नावाची चीज आहे का? बाबांच्या डाय या अवस्थेत? डुक्करसुद्धा आपली जागा याहून नीट ठेवतं. पार्सल उघडलं तेव्हा अर्लीनला वाटलं कुणी मेलेला उंदीर पाठवलाय.

सगळ्या सोडवल्या. रॉकेलमध्ये दोन दिवस ठेवल्या, कारण तुझी काजळी एका दिवसात निघणारी नव्हती. आतून फक्त कापूस लावला. आत कधी घासायचं नाही, लक्षात ठेव. आतलं माप म्हणजेच डाय. केसाएवढं घासलंस तरी ती डाय नाही, पोलादाचा तुकडा आहे. बाहेरून घास हवं तेवढं. मधली दांडी वाकली नव्हती, नशीब तुझं. वापरताना तेल पुसून टाक, ठेवताना लाव. उलटं करू नकोस.

आतून कधी घासायचं नाही, लक्षात ठेव.

आणखी काही खराब करून ठेवलं असशील तर पाठव. माझ्याकडे सध्या वेळ आहे, दारूचा तुटवडा आहे म्हणतात. गुडघ्याला गरम पाण्याचा शेक दे. बाबांना सांग, त्यांची जोडी वाचली.

नेल्स

*

लुइसटाउन
११ डिसेंबर १९९४

लेलंड भावजी,

तिसरं पार्सल काल मिळालं. पोस्टातल्या बाईने मला विचारलं, तुमचे दीर डाय वापरतात की चावतात?

मी तुम्हाला रागाने लिहिलं होतं त्याबद्दल काही बोलत नाही, तुम्हीही बोलू नका. नेल्स पहाटे उठून दाढी करतो. दाढी करून खाली जातो. शीळ ऐकू येते. जेवताना तुमची अब्रू काढतो. आपला भाऊ किती घाणेरडा आहे हे त्याने पाद्र्यांनाही सांगितलं. कित्येक महिन्यांनी त्याला कुणाला तरी रागवायला मिळालंय.

बाकीचं फारसं चांगलं नाही. कोटाची बटणं मी लावते. रात्री त्याला वाटतं घरात गुरांचा व्यापारी आलाय. डॉक्टर म्हणाले हे वाढतच जाणार, यावर औषध नाही. त्यांनी ते बोलताना माझ्याकडे पाहिलं नाही, म्हणून मला खरं वाटलं.

परवा एका डायची मधली दांडी त्याने उलटी बसवली. अर्धा तास बघत राहिला. मग सगळी सोडवून पुन्हा पहिल्यापासून. मी जिन्यावर उभी होते, खाली गेले नाही. पाठवत राहा. जेवढे दिवस जातील तेवढे.

अर्लीन

*

लुइसटाउन
२० फेब्रुवारी १९९५

लेलंड,

आज डोकं साफ आहे. असं रोज नसतं, ते मला कळतं, म्हणून घाईने लिहितो. अर्लीन दुकानात गेली आहे.

हा गंज तू लावलेला आहेस.

डायला गंज बाहेरून चढतो. जिथे बोटांचा घाम लागतो तिथे, कड्यावर, आट्यांच्या टोकांवर. तुझ्या डाय सगळीकडून सारख्या गंजलेल्या असतात, दर वेळी. या खेपेला आट्यांत पांढरं काहीतरी दिसलं. जिभेला लावून पाहिलं. मीठ आहे. तू बाबांच्या डाय मिठात घातल्यास, मला खेळायला मिळावं म्हणून. लहान पोराला आई भातुकली देते तसं.

हार्डवेअरच्या दुकानात फोन केला. दारूचा तुटवडा वगैरे काही नाही, फळी भरून ठेवली आहे म्हणाला.

तू मला आयुष्यात बऱ्याच थापा मारल्यास, पण हत्यारांबाबत कधी मारली नाहीस. म्हणून सरळ विचारतो, सरळ सांग. तुम्ही दोघांनी माझी दारू का काढून घेतली? माझ्या हातून काय झालं? कुणाला लागलं का? मी इथे बसून आठवतोय आणि आठवत नाही. अर्लीनला विचारलं तर ती रडेल आणि सांगणार नाही.

काही झालं असेल तर मला कळलं पाहिजे. टेबल माझं आहे. काय करायचं ते मी ठरवीन, तुम्ही नाही.

पार्सलं पाठवू नकोस.

नेल्स

*

सॅमन
१९ मार्च १९९५

दादा,

उत्तराला महिना लागला. लिहून फाडत होतो. हे फाडायच्या आत पेटीत टाकणार आहे.

कुणाला लागलं नाही. हे आधी वाच, मग पुढचं.

मे महिन्यात दिलेल्या डब्यातली काही काडतुसं रिकामी होती. एका काडतुसात रायफलच्या दारूऐवजी पिस्तुलाची दारू होती. मी उडवलं नाही, उघडून पाहिलं. उडवलं असतं तर मी आज हे लिहीत नसतो. वहिनीला दारू काढून घ्यायला मी सांगितलं, तिचा दोष नाही. मीठही माझं. ते मी खेळ म्हणून पाठवलं नव्हतं. तू टेबलापाशी असावास, एवढंच मला हवं होतं. तू तिथे नाहीस असं माझ्या डोळ्यांसमोर येत नाही. मला जे काही नीट करता येतं ते तू शिकवलंस, बाबांनी नाही. बाबा नुसते ओरडायचे.

आता ठरवायचं ते तू ठरव. जे ठरवशील ते मला मान्य आहे. सांगशील तर पहिल्या बसने येतो आणि दोघं मिळून भरू, मी दारू मोजीन, तू बाकीचं.

लेलंड

*

लुइसटाउन
२ एप्रिल १९९५

लेलंड भावजी,

तुमचं पत्र त्याच्या नावाने घरी आलं. टपाल आता मी आणते. त्या फेब्रुवारीच्या दिवसाबद्दल मला काहीच ठाऊक नव्हतं, तुमच्या पत्रातून कळलं. त्यानंतर तसा दिवस आला नाही. तो तळघरात जायचा, पण टेबलाशी उभा राहून परत यायचा. हात लावायचा नाही. मला वाटायचं थकला असेल.

त्याला वाचता येत नाही आता, अक्षरं पळतात म्हणतो. जेवणाच्या टेबलावर मीच वाचून दाखवलं. एक शब्द गाळला नाही. त्याने मागितलेलं उत्तर होतं, ते त्याला मिळायला हवं होतं.

तो नीट ऐकत होता. पूर्वी रेडिओवर गुरांचे भाव ऐकायचा तसा, मान थोडी वाकडी करून. पिस्तुलाच्या दारूशी आले तेव्हा त्याने हात वर करून मला थांबवलं.

"रायफलच्या पुंगळीत? पिस्तुलाची?"

"हो, नेल्स."

"कोण आहे हा माणूस?"

मी त्या ओळीवर बोट धरून ठेवलं. तो म्हणाला, "लेलंडने उडवलं नाही ना?" मी म्हटलं, नाही, तो बरा आहे. "बरं झालं. वेंधळा आहे, पण वाचला." मग उठला. भावजी, त्याचा आवाज जुना होता, गोठ्यात गड्यांना कामं सांगायचा तेव्हाचा. "असल्या माणसाला टेबलापाशी फिरकू द्यायचं नाही. एकदा चुकला तर पुन्हा चुकेल. बाबांनी त्याला जिन्यावरूनच हाकलला असता. तळघराला कुलूप आहे का आपल्याकडे?"

कोठाराचं होतं. मी आणून दिलं. त्याने ते स्वतः लावलं, दोनदा ओढून बघितलं आणि किल्ली माझ्या हातात ठेवून मूठ मिटवली. "त्याने कितीही गयावया केली तरी द्यायची नाही. वचन दे." मी वचन दिलं. त्या दिवशी तो पोटभर जेवला.

तुम्ही बसने याल म्हणता. या. पण डाय आणू नका.

आज सकाळपासून तो तळघराच्या दाराशी उभा आहे आणि माझ्याकडे किल्ली मागतोय. आधी रागावला, मग दार ठोकलं, आता नुसता "अर्लीन, दे ना" म्हणतोय. मी दिलेली नाही.

अर्लीन